रिकामी टाकी, कोंडलेली हवा

‘पालथ्या घड्यावर पाणी’ ही म्हण आपल्या घरांत जितक्या सहजपणे उच्चारली जाते, तितक्याच सहजपणे ती एक निवाडाही देऊन टाकते. देणाऱ्याने दिले, ओतणाऱ्याने ओतले, परंतु घेणाऱ्याने घेतले नाही. दोष कोणाचा? अर्थातच घड्याचा. आई मुलाविषयी ही म्हण वापरते, गुरुजी विद्यार्थ्यांविषयी वापरतात, आणि धर्मग्रामाच्या सभेत एखाद्या कुटुंबाचा विषय निघाला की तेथेही ती कोणाच्या तरी तोंडी येतेच. म्हणीत तथ्य नाही असे नव्हे. परंतु जो घडा पालथा नाही, सरळ उभा आहे, ज्याचे तोंड उघडे आहे, जो आतून कोरडा ठणठणीत आहे आणि तरीही ज्याच्यात थेंब उतरत नाही, अशा घड्याविषयी ही म्हण काहीच सांगत नाही. असा घडा असतो काय? असतो. तो कुंभाराच्या आव्यात सापडायचा नाही. एखाद्या जुन्या मोटारीच्या मागच्या आसनाखाली मात्र सापडेल.

या लेखात आम्हाला जुन्या मोटारीच्या एका आजाराविषयी लिहायचे आहे, आणि त्या निमित्ताने एका नैतिक प्रश्नाविषयी. दिलेली मदत, दिलेला उपदेश, दिलेले प्रेम जेव्हा स्वीकारले जात नाही, तेव्हा त्या नकाराची जबाबदारी कोणावर? आणि घेणे ही केवळ गरज आहे, की तोही एक सद्गुण आहे?

धर्मगुरूने मोटारीवर लिहावे याचे वाचकांना नवल वाटू नये. आमच्या धर्मग्रामातील बरीच कुटुंबे पिंपळे सौदागरला राहतात. पवनेच्या काठचे हे गाव. एके काळी तेथे शेते होती, आज उंच गृहसंकुले आहेत. वसईहून, गोव्याहून, मंगळूरहून, केरळातून, तसेच नगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेली कॅथलिक कुटुंबे तेथे शेजारी शेजारी नांदतात. कोणी पिंपरीच्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, सारी हयात घालवली. कोणी आकुर्डीच्या बजाजमधून बाहेर पडले, जेथील वाहनांचे उत्पादन २००७ मध्ये थांबले. कोणाची मुले चाकणला जातात, जेथे फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. अशा वस्तीत मोटार हा चैनीचा नव्हे, भाकरीचा विषय असतो. रविवारच्या मिस्सानंतर मंदिराच्या आवारात जे बोलणे चालते, त्यात निम्मे मुलांच्या शिक्षणाचे असते आणि निम्मे गाड्यांचे.

आजाराचे लक्षण

हा आजार पंपावरच कळतो. गाडीचा काटा तळाला टेकलेला असतो. पंपावरचा मुलगा ‘झिरो बघा’ म्हणतो, नोझल टाकीच्या तोंडात घालतो, खटका दाबतो. अर्धा लिटरही जात नाही तोच ‘कट्’ असा आवाज होऊन प्रवाह थांबतो. तो पुन्हा दाबतो; पुन्हा ‘कट्’. तिसऱ्यांदा तोंडातून पेट्रोल उसळून बाहेर येते आणि मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू होतात. मुलगा शेवटी सांगून टाकतो, ‘साहेब, टाकी फुल आहे.’ टाकी तर रिकामी आहे! मालकाला काट्याचा संशय येतो, मग पंपाचा, मग त्या मुलाचा. क्वचितच कोणाला हवेचा संशय येतो.

येथे एक क्षण थांबून त्या नोझलची रचना समजून घेणे अगत्याचे आहे. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. त्या छिद्रापासून एक बारीक नळी आतल्या आत खटक्यापर्यंत जाते. पेट्रोल जोराने वाहू लागले की आतील एका अरुंद जागी त्याचा वेग वाढतो व दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे छिद्रातून हवा सतत आत ओढली जात राहते. टाकी भरत भरत पेट्रोल त्या छिद्रापर्यंत आले, की हवा ओढली जाणे बंद होते, आतील दाब एकदम घटतो, एक पातळ पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. यात विजेचे काही काम नाही, संगणकाचेही नाही. वाहत्या द्रवाचा वेग आणि दाब यांचे नाते एवढेच त्याचे भांडवल.

हे नाते अरुंद होत जाणाऱ्या नळ्यांच्या प्रयोगांतून ज्याने बारकाईने मांडले, त्या जोव्हानी बात्तिस्ता व्हेंतुरीची थोडी ओळख आमच्या वाचकांना रुचेल. इटलीतील रेज्जो एमिलियाजवळ १७४६ मध्ये जन्मलेला हा शास्त्रज्ञ कॅथलिक धर्मगुरू होता. १७६९ मध्ये त्याला गुरुदीक्षा मिळाली आणि रेज्जोच्या सेमिनरीत तो तर्कशास्त्र शिकवू लागला. प्रवाहांवरील त्याचा ग्रंथ १७९७ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला. पुढे क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकन अभियंत्याने पाणी मोजण्याचे साधन बनविले व त्याला व्हेंतुरीचे नाव दिले. तर्कशास्त्राच्या या गुरुजींचे तत्त्व आज आपल्या प्रत्येक पंपावर राबते आहे.

परंतु त्याच तर्कशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर नोझलच्या निर्णयात एक उणीव आहे. नोझलला टाकी दिसत नाही. त्याला फक्त टाकीचा गळा कळतो. छिद्राशी पेट्रोल आले, एवढेच त्याचे ज्ञान. त्यावरून टाकी भरली, हा त्याचा निष्कर्ष. बहुधा तो बरोबर असतो. ज्या दिवशी पेट्रोल खाली न उतरता गळ्यातच तुंबते, त्या दिवशी मात्र तोच निष्कर्ष साफ चुकतो. गळा भरलेला आणि पोट रिकामे, ही अवस्था ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नाही.

हवेची वाट

पेट्रोल गळ्यात का तुंबते? कारण रिकामी टाकी खऱ्या अर्थाने रिकामी नसते. ती हवेने आणि पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते. एक लिटर पेट्रोल आत जायचे तर जवळजवळ तितकीच हवा बाहेर यायला हवी. त्यासाठी जाड नळीच्या जोडीने एक बारीक नळी टाकीच्या माथ्यापासून तोंडापर्यंत आणलेली असते. आपले मेकॅनिक तिला ‘ब्रीदर पाईप’ म्हणतात, म्हणजे श्वासनळीच. अलीकडच्या गाड्यांत ही वाफ सरळ बाहेर न सोडता कॅनिस्टर नावाच्या एका डब्यात नेतात. त्यात सच्छिद्र कोळसा असतो. तो वाफ धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना ती जाळण्यासाठी सोडून देतो.

या वाटेवर कोठेही अडथळा आला की टाकीचा श्वास कोंडतो. नळी मुडपते, चिखल बसतो, कुंभारमाशी घर करते, एखादी झडप अडकते, कोळसा भिजून निकामी होतो. २०११ मध्ये माझदा कंपनीला अमेरिकेतील आपल्या एका जातीच्या हजारो मोटारी परत बोलवाव्या लागल्या, कारण एका जातीचा पिवळा कोळी याच वाटेत जाळे विणून बसत होता. २०१४ मध्ये त्याच कारणासाठी पुन्हा तसे करावे लागले. तेथील धोका अधिक गंभीर होता: हवेची वाट बंद झाल्याने टाकीवर ताण येऊन तिला तडा जाण्याची भीती होती. ज्या वाटेने आतली हवा बाहेर जाते, त्याच वाटेने बाहेरची आत येते. ती बंद झाली की भांड्याला घेणेही जड जाते आणि देणेही.

जुन्या गाड्यांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली आहे. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस येऊ लागले. जुन्या गाड्यांतील काही प्रकारच्या रबराला इथेनॉलचा सहवास मानवत नाही. ते फुगू शकते, भेगाळू शकते. नव्या द्राक्षारसासाठी जुने बुधले चालत नाहीत, हा प्रभूचा दाखला येथे कोणालाही आठवेल. देणे नवे झाले आणि घेणारे भांडे जुनेच राहिले, तर निदान त्याच्या नळ्या तपासून पाहण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्यासाठी तपासणीचा क्रम सांगून ठेवतो. प्रथम दुसऱ्या नोझलवर भरून पाहावे. दोष पंपाचाच असेल तर तेथेच कळेल. मग नोझल थोडे फिरवून, थोडे बाहेर ओढून, खटका अर्धाच दाबून भरावे. सावकाश ओतल्यावर पेट्रोल जात असेल तर हवेची वाट पूर्ण बंद नाही, अरुंद झाली आहे, असे समजावे. मग गॅरेजमध्ये ब्रीदर पाईप, त्यानंतर कॅनिस्टरची बाहेरची वाट व झडपा तपासून घ्याव्यात. घरी तोंडाने नळी फुंकण्याचा वा तार खुपसण्याचा उद्योग करू नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीने पेटते.

एकच आवाज, तीन अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘कट्’ हा आवाज एकच आहे, परंतु त्याचे अर्थ तीन असू शकतात. माणसाच्या ‘नको’ या शब्दाचेही तसेच आहे.

पहिला अर्थ: टाकी खरोखरच भरलेली आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा तुकाराम महाराजांनी परत केला, असे परंपरा सांगते. पिंपरी-चिंचवडच्या अगदी शेजारी, इंद्रायणीच्या काठी, देहूला त्यांचे वास्तव्य होते. त्यांच्या नकारात रुसवा नव्हता आणि तुच्छताही नव्हती. जे भरलेले होते त्याला आणखी नको होते. अशा नकारापुढे देणाऱ्याने नम्रपणे हात मागे घ्यावा. आग्रह धरणे म्हणजे त्याच्या पूर्णतेचा अपमान करणे होय.

दुसरा अर्थ: झाकणच उघडलेले नाही. राजे या ग्रंथाच्या दुसऱ्या पुस्तकात अरामी सेनापती नामान याची कथा आहे. कुष्ठरोग बरा व्हावा म्हणून तो लवाजम्यासह अलीशाच्या दारी येतो. संदेष्टा बाहेरही येत नाही. यार्देनेत सात वेळा स्नान कर, एवढाच निरोप धाडतो. नामान संतापतो. आमच्या देशातल्या नद्या काय वाईट आहेत, असे त्याला वाटते. हा गर्वाचा नकार. येथे झाकण आतून लावलेले आहे आणि ते उघडणे सर्वस्वी त्याच्याच हाती आहे. मात्र कथेतली एक गोष्ट आपण विसरतो: त्याचे मन वळविले ते संदेष्ट्याने नव्हे, त्याच्या सेवकांनी, आणि तेही गोड शब्दांत समजूत घालून.

तिसरा अर्थ: टाकी रिकामी आहे, तोंडही उघडे आहे, परंतु आत जे कोंडले आहे त्याला बाहेर यायला वाट नाही. दुःख, लाज, कोणापाशी न बोललेली गोष्ट. या माणसाला मदत हवी असते. तो हात पुढेही करतो. तरीही दिलेले आत उतरत नाही, गळ्याशीच तुंबते आणि कधी कधी देणाऱ्याच्या अंगावर उसळते. बाहेरून पाहणाऱ्याला तो गर्वच वाटतो.

या तिघांचा आवाज एकसारखा असल्यामुळे विवेकाची गरज पडते. लोयोलाच्या संत इग्नेशियसने आपल्या अंतःकरणातील निरनिराळ्या प्रेरणा ओळखण्याची जी शिस्त घालून दिली, तिचा उपयोग आपण बहुधा स्वतःचे मन तपासण्यासाठी करतो. दुसऱ्याचा नकार ऐकताना ती अधिकच उपयोगी पडावी. नोझलला विवेक नसतो. त्याला छिद्र असते. माणसाने नोझलसारखे वागू नये.

घेणे हाही सद्गुण

देणे श्रेष्ठ, घेणे कनिष्ठ, असे आपल्या मनावर बिंबले आहे. घेण्यापेक्षा देण्यात अधिक धन्यता आहे, हे प्रभूचे वचन संत पौलाने एफिसच्या वडीलजनांना आठवून दिले; ते प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात नमूद आहे. परंतु त्या वचनात घेण्यात धन्यता नाही, असे म्हटलेले नाही. घेणारा कोणीच नसेल, तर देणाऱ्याची धन्यता कोठून येणार?

रोमन तत्त्ववेत्ता सेनेका याने उपकार या एकाच विषयावर सात भागांचा ग्रंथ लिहिला. उपकार वस्तूत नसून देणाऱ्याच्या भावनेत असतो, हे त्यात तो आग्रहाने मांडतो, आणि देण्याइतकाच घेण्याचाही विचार करतो. संत थॉमस अक्वायनस याने कृतज्ञतेला न्यायाशी नाते सांगणाऱ्या सद्गुणांत स्थान दिले. सेमिनरीत आम्हाला शिकविलेले एक जुने तत्त्व त्याच्या लिखाणात वारंवार येते: जे घेतले जाते ते घेणाऱ्याच्या घडणीप्रमाणे घेतले जाते. समुद्र जरी ओतला तरी तांब्यात तांब्याएवढेच पाणी मावते आणि ते तांब्याचाच आकार धारण करते. देणाऱ्याने आपल्या घागरीचा आकार तांब्यावर लादून चालत नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ मध्ये देणगीवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले, की अनेक समाजांत देण्याची, घेण्याची आणि परतफेड करण्याची अशी तीन बंधने असतात. जो घेतो पण परत करू शकत नाही, त्याची मान खाली जाते. आपल्याकडे साखरेची वाटी शेजारणीला परत देताना ती रिकामी देत नाहीत, हा त्याच नियमाचा घरगुती अवतार. ‘सौदागर’ या शब्दाचा अर्थ व्यापारी. सौद्यात मान शाबूत राहतो, कारण दोन्ही हात एकाच पातळीवर असतात. दानात एक हात वर असतो आणि एक खाली. म्हणून प्रामाणिकपणे कष्ट करून जगलेल्या माणसाला सौदा सोपा वाटतो आणि दान जड जाते. त्याच्या ‘नको’ला गर्व म्हणण्याची घाई करू नये, तो बहुधा आपली मान सांभाळीत असतो.

आणि तरीही ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा असा आहे की, सर्वांत मोठी गोष्ट सौद्याने मिळत नाही. कृपेचे दाम कोणालाच देता येत नाहीत. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू पाय धुऊ लागला, तेव्हा पेत्राने पाय मागे घेतले. पेत्राला द्यायचे होते, जीवही द्यायचा होता. घेता मात्र येत नव्हते. प्रभूने त्याला स्पष्ट बजावले, की हे स्वीकारल्यावाचून माझ्याशी तुझा वाटा नाही. शिष्यत्वाचा हा धडा सेवा करण्याचा आहेच, पण त्याच्याही आधी तो सेवा करून घेण्याचा आहे.

पण जो पेत्रासारखा जवळचा नाही, जो दूर उभा आहे, त्याला घ्यायला शिकवावे कसे? याचे उत्तर योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीकाठी मिळते. शमरोनी स्त्री भर दुपारी एकटी पाण्याला येते. प्रभूजवळ तिला देण्यासाठी जिवंत पाणी आहे. तरीही तो देण्यापासून सुरुवात करीत नाही, मागण्यापासून करतो. मला प्यायला दे, म्हणतो. ज्याच्याजवळ पोहराही नाही असा हा तहानलेला प्रवासी तिला प्रथम दात्री बनवितो. मग बोलणे वाढते, आणि ज्या गोष्टीमुळे ती गावाच्या नजरा चुकवीत होती, ती गोष्ट बाहेर येते. कोंडलेली हवा सुटते. त्यानंतरच जिवंत पाणी आत उतरते. योहान एक बारीकसा तपशील नोंदवितो: ती आपली घागर तेथेच टाकून गावात गेली.

एका घराची हकिगत

आमच्या धर्मग्रामातील एका घराविषयी येथे लिहितो. ओळख पटू नये म्हणून बराचसा तपशील गाळला आहे.

घरधन्याचे काम सुटले होते. तो कंत्राटी कामगार. कंत्राट संपले, एवढेच कारण. मुलांच्या शाळेची फी थकली. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे दोन सभासद पाकीट घेऊन गेले. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी १८३३ मध्ये पॅरिसला ही सोसायटी सुरू केली तेव्हापासून गरजूंच्या घरी स्वतः जाऊन भेटणे हीच तिची रीत आहे. दारातूनच उत्तर आले, ‘आमचे चालले आहे, दुसऱ्या कोणाला द्या.’ पुढच्या खेपेला धान्य नेले. तेही परत आले. बैठकीत एकाने ती म्हण उच्चारली. दुसरा म्हणाला, ‘माज आहे.’ तिसऱ्याने सुचविले, की यादीतून नाव काढावे, कारण मागणारी घरे पुष्कळ आहेत. त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पैसे थोडे असतात आणि नकार देणाऱ्याच्या दारी किती वेळा जावे, हा प्रश्न खरा असतो.

सभासदांत एक निवृत्त फिटर होते. टूलरूममध्ये त्यांची हयात गेलेली. ते एवढेच म्हणाले, ‘फादर, हवा अडकली असेल. या वेळी रिकाम्या हाताने जाऊन येतो.’ दारात उभ्या राहिलेल्या बाईंना त्यांनी सांगितले, ‘वहिनी, आज काही आणलेले नाही. चहा मात्र घेऊ.’ त्या घरी दूध बेताचेच असणार, हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी चहा मागितला आणि पूर्ण कप प्याला.

ते दोन तास बसले. पहिला तासभर घरधनी जुन्या कारखान्यांविषयीच बोलला. मग हळूहळू बाहेर आले ते असे: काम सुटल्याचे त्याने गावाकडे आईवडिलांना कळविलेले नव्हते. सोसायटीतल्या शेजाऱ्यांनाही नाही. रोज सकाळी सात वाजता तो डबा घेऊन बाहेर पडे, दिवसभर कुठल्यातरी बागेत बसून राही आणि संध्याकाळी परते. पाकीट घेतले असते तर ते नाटक संपले असते. पाकिटातल्या पैशांना त्याचा नकार नव्हताच. त्या पैशांबरोबर जे उघडे पडणार होते त्याला होता.

निघताना त्याने विचारले, मंदिरातला ध्वनिवर्धक अधूनमधून खरखरतो, तो मी पाहू का? पुढच्या शनिवारी त्याने तो दुरुस्त केला. त्यानंतर फीचे पैसे त्याने घेतले, पण ‘उसने’ म्हणून. सोसायटीने ते तसेच वहीत लिहिले. पैसे परत आले की नाही, हे आम्ही येथे सांगणार नाही, कारण मुद्दा तो नव्हे. ‘उसने’ हा शब्द हीच त्याची श्वासनळी होती. ती खुली ठेवणे हे देणाऱ्यांचे काम होते. एखादा तत्त्वनिष्ठ वाचक म्हणेल, की हा गर्वाशी केलेला समझोता झाला. दान हे दान म्हणूनच घ्यायला शिकायला हवे. त्याचे म्हणणे अंतिम अर्थाने खरे आहे. परंतु जो आज गुदमरतो आहे त्याला प्रथम श्वास द्यावा. नम्रतेचा धडा त्याला पुढे शिकता येईल.

राउंड फिगर

देणाऱ्यांसाठी पंपावरची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोझल आपोआप थांबल्यावरही आपल्याकडे ‘राउंड फिगर करा’ म्हणून आणखी थोडे पेट्रोल भरण्याची सवय आहे. टाकीत वरची थोडी जागा मुद्दाम मोकळी राखलेली असते, कारण उष्णतेने पेट्रोल प्रसरण पावते. तेथेही पेट्रोल भरले की ते वाफेच्या वाटेने कॅनिस्टरमध्ये शिरू शकते आणि तेथील कोळसा भिजून निकामी होतो. म्हणजे श्वासाची वाट बंद पडण्याचे एक कारण अतिभरण हेच आहे, आणि त्यात टाकीचा काही अपराध नसतो.

राउंड फिगर ही देणाऱ्याची सोय असते. मदतीबरोबर फोटो हवा, उपदेशाबरोबर लगेच पश्चात्ताप हवा, मुलाला दिलेल्या शिक्षणाबरोबर जन्मभराचे उपकृत भान हवे, हे सारे राउंड फिगरचे हट्ट आहेत. म्हाताऱ्या आईवडिलांना परदेशातून भरपूर पैसे पाठवायचे आणि त्यांची कंटाळवाणी वाटणारी तीच ती गोष्ट फोनवर ऐकायला मात्र वेळ नाही, हेही त्यातलेच. पिंपळे सौदागरच्या संकुलांत अशी किती घरे आहेत, हे आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन घेऊन जाताना आम्ही पाहतो. त्या घरांत पेट्रोल पुष्कळ येते. हवेला वाट नसते. जो माणूस घेताना वारंवार आखडतो, त्याच्या आयुष्यात पूर्वी कोणी तरी असाच हट्टाने खटका दाबून धरलेला असण्याचा संभव आहे.

तेव्हा जबाबदारी कोणावर, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. झाकण लावलेले असेल तर ते उघडण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. आपल्याला घेता येत नाही हे ओळखणे आणि आत कोंडलेले कोणापाशी तरी बोलून मोकळे करणे, हीसुद्धा त्याचीच. प्रायश्चित्त संस्कारात क्षमा मिळण्याआधी पापनिवेदन असते ते उगीच नव्हे. परंतु नोझल ज्याच्या हाती आहे, ज्याच्यापाशी भरपूर आहे आणि ज्याला सावकाश ओतणे शक्य आहे, त्याची जबाबदारी आधी सुरू होते. गुदमरलेल्याने प्रथम स्वतःच वाट मोकळी करावी, मग आम्ही देऊ, ही अट न्यायाची दिसली तरी प्रेमाची नाही.

अलीशाच्याच काळातील एका विधवेची गोष्ट राजांच्या दुसऱ्या पुस्तकात येते. सावकार तिच्या मुलांना गुलाम करून न्यायला आला होता. घरात तेलाच्या एका कुपीखेरीज काही नव्हते. संदेष्ट्याने तिला तेल दिले नाही. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडीथोडकी नको, असे सांगितले. ती ओतीत राहिली आणि तेल वाहत राहिले. मुलाने सांगितले की आता एकही भांडे उरले नाही, तेव्हा तेल थांबले. देवाकडचे तेल संपले असे शास्त्र म्हणत नाही; भांडी संपली असे म्हणते. आणि ती भांडी शेजाऱ्यांची होती. त्या विधवेचे घर सावरले ते शेजाऱ्यांनी आपल्या घरातली भांडी रिकामी करून दिली म्हणून. आपल्या इमारतीत, आपल्या मजल्यावर कोणाचे ‘नको’ वारंवार ऐकू येत असेल, तर या महिन्यात एकदा त्या दारी काही न घेता जावे, बसावे, आणि चहा मागावा.